डॉक्टरांचा कॉम्प्युटर आणि आपली गोळ्यांची पिशवी

“डॉक्टर आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत, नुसते कॉम्प्युटरवर टाइप करत बसतात,” ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तक्रार खोटी नाही. पण त्या टाइप करण्यातून आपला जीवही वाचू शकतो, तो कसा ते पाहू.

मोठ्या रुग्णालयांत औषधे लिहिण्यासाठी सॉफ्टवेअर वापरतात. डॉक्टरांनी औषधाचे नाव टाकले की ते आपली नोंद तपासते. ॲलर्जी, वय, वजन, किडनीचा रिपोर्ट, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. काही खटकले तर पडद्यावर इशारा येतो. समजा, तुम्हाला पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती. अमॉक्सिसिलिन हे त्याच गटातले औषध, पण नाव वेगळे असल्याने गर्दीच्या ओपीडीत नजरेतून सुटू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. अशा सगळ्या जोड्या कोणाही डॉक्टरला पाठ नसतात. बोस्टनच्या एका रुग्णालयात औषधे कॉम्प्युटरवर लिहायला सुरुवात झाली, तेव्हा गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

मग सगळे यंत्रावर सोपवायचे का? २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सोळा वर्षांच्या एका मुलाला सेप्ट्राची एक गोळी द्यायची होती. (आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून मिळते तेच औषध.) डॉक्टरांनी १६० हा आकडा मिलिग्रॅम समजून टाकला, कॉम्प्युटरने तो दर किलो वजनामागे १६० मिलिग्रॅम असा घेतला. मुलाचे वजन ३८ किलोच्या वर. हिशेब निघाला साडेअडतीस गोळ्यांचा! सॉफ्टवेअरने इशारा दिला होता. पण असे इशारे दिवसभर येत असतात, त्यातले बरेच बिनकामाचे. डॉक्टरांनी तो बंद केला, फार्मासिस्टनेही केला. नर्सने स्कॅन केले, तर आकडा जुळला. मुलाने सगळ्या गोळ्या गिळल्या. त्याला झटके आले. सुदैवाने तो वाचला. मुकाट गिळण्याआधी “इतक्या का?” असे कोणी ठामपणे विचारायला हवे होते, असे आम्हाला वाटते.

आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या दवाखान्यात असे सॉफ्टवेअर बहुधा नसतेच. आणि जिथे असते तिथेही, नोंदीत नसलेली गोष्ट त्याला कळत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी, वैद्याची पुडी, दुसऱ्या डॉक्टरांचे बीपीचे औषध, हे आपण सांगितले तरच तिथे चढते.

म्हणून दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, संपलेलीसुद्धा. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते, श्वास लागला होता, ते कागदावर लिहून ठेवा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. लहान मुलाचे वजन तिथेच करून घ्या, अंदाजे सांगू नका. आणि डॉक्टर रागावतील म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी लपवू नका.