सुपर मेट्रॉइड : पाहून शिकायचा खेळ

जन्म : निन्टेन्डोचा हा गेम मार्च १९९४ मध्ये जपानमध्ये सुपर फॅमिकॉमवर आला. दिग्दर्शक योशिओ साकामोतो. मालिकेतला पहिला 'मेट्रॉइड' १९८६चा.

कथा : बाउंटी हंटर सॅमस अरान मेट्रॉइड नावाच्या जीवाच्या पळवून नेलेल्या पिल्लाच्या शोधात झेबीस ग्रहावर एकटी उतरते.

रचना : पडदा बाजूला सरकत जातो, वाट मात्र सरळ नाही. न उघडणारं दार, अरुंद फट, हाताबाहेरचा कडा लक्षात ठेवायचा. पुढे क्षेपणास्त्रं, बॉम्ब किंवा उंच उडीचे बूट मिळाले की मागे फिरायचं. आधी अडवणारी जागा आता सहज पार होते आणि ग्रह हळूहळू आपल्या ओळखीचा होत जातो. खरी गोडी इथेच आहे.

शिकवणी : ग्रहाच्या ब्रिन्स्टार या भागातल्या एका खोल विवरात तीन छोटे प्राणी या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर चढतात. त्यांचं पाहून आपणही तसंच करतो. ही उडी सॅमसला सुरुवातीपासून येत असते, बहुतेकांना ती कळते मात्र तिथे. एका शब्दाचीही सूचना न देता खेळाडूच्या बुद्धीवर टाकलेला हा विश्वास आजही दुर्मीळ आहे.

वातावरण : केन्जी यामामोतो आणि मिनाको हामानो यांचं संगीत एकटेपणा गडद करतं. मालिकेवर 'एलियन' (१९७९) या चित्रपटाची छाप आहे.

वारसा : 'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) आणि हा गेम यांच्यावरून 'मेट्रॉइडव्हेनिया' हा प्रकारच रूढ झाला. 'हॉलो नाइट' (२०१७) त्याच परंपरेतला.