ऐकणाऱ्याची कविता
लेखमाला : मदत करणाऱ्यांचं मन (भाग ५)

दुसऱ्याचं दुःख सतत ऐकणाऱ्याची झोप, भूक, माणसांवरचा विश्वास हळूहळू कसा बदलत जातो, हे मागच्या भागात 'करुणेचा थकवा' समजून घेताना आपण पाहिलं. या भागात त्यावरच्या एका बिनखर्चाच्या आधाराविषयी बोलू : हे दुःख ऐकणाऱ्या स्वयंसेवकांनी स्वतः कविता लिहिणं.

हा आधार का लागतो, ते आधी पाहू. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये चॅड वॅरा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. माणसं प्रत्यक्षही येऊ लागली. वॅरांची वाट बघत बसलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, शेजारी बसून त्यांचं ऐकत. कित्येकजण तेवढ्यानंच मोकळे होऊन, वॅरांना न भेटताच परत जात. हे लक्षात आल्यावर फेब्रुवारी १९५४ मध्ये वॅरांनी टेलिफोनच स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली आणि नीट तयारी केलेला साधा माणूसही जीव वाचेल असं ऐकू शकतो, हे जगानं पाहिलं.

मात्र अशा ऐकण्याची पहिली अट असते गोपनीयता. शिफ्ट संपवून घरी गेलेल्या स्वयंसेवकाला "आज कसं होतं?" असं विचारलं, तर "बरं होतं" यापलीकडे काही सांगता येत नाही. आपल्याकडच्या खेड्यांत हे आणखी अवघड होतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमातून गावातल्याच माणसांना मानसिक आधार देण्याचं प्रशिक्षण मिळालं. अशा कामात शिफ्ट कधी संपतच नाही. काल ज्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, तोच माणूस आज किराणा दुकानात शेजारी उभा असतो. त्याचं गुपित सांभाळायचं आणि चेहराही.

मग हे साठलेलं कुठे ठेवायचं? लिहिण्यानं काय होतं, याचा पद्धतशीर शोध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी घेतला. १९८६ मध्ये त्यांनी आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. ज्यांनी आयुष्यातल्या आघाताची हकिकत आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच वाईट वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांना आरोग्य केंद्रात कमी वेळा जावं लागलं. पुढे अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये निघाला. लिहिण्याचा फायदा खरा आहे, पण सरासरीनं तो लहान आहे, असं त्यातून दिसलं. म्हणून कवितेला रामबाण म्हणू नये. हातातल्या अनेक आधारांपैकी ती एक आहे.

त्यातही एक इशारा आहे. आत्महत्येनं गेलेले कवी आणि इतर कवी यांच्या सुमारे तीनशे कवितांची शब्दशः तुलना करणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाच्या कवितांत 'मी, मला, माझं' हे शब्द जास्त आढळले. त्या शब्दांमुळे काही घडलं, असा याचा अर्थ नाही. पेनेबेकर आणि शेरलॉक कॅम्पबेल यांना पुढे असंही दिसलं, की रोजच्या लिखाणात ज्यांची सर्वनामं बदलत राहिली, म्हणजे जे कधी स्वतःकडून तर कधी इतरांच्या बाजूनं पाहू शकले, त्यांच्या तब्येतीत सुधारणा जास्त झाली. स्वयंसेवकासाठी मला हीच सर्वांत कामाची गोष्ट वाटते : लिहा, पण 'मी'मध्ये अडकून राहू नका.

आता प्रत्यक्ष करून पाहू. उदाहरण कल्पित आहे. संध्याकाळच्या शिफ्टमध्ये एक बाई फोनवर बोलत होत्या आणि मध्येच फोन कट झाला. पुढे काय झालं, ते कधीच कळणार नाही. स्वयंसेविकेनं वहीत पहिल्यांदा लिहिलं :

पलीकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली,
'ठेवते, आले ते' म्हणाली ती.

ओळी चांगल्या आहेत. पण कुकर तिचा आहे, ते वाक्य तिचं आहे, त्या घरातली भीतीही तिचीच. हे वहीत ठेवायचा हक्क आपला नाही. शिवाय अशा ओळी लिहिताना आपण पुन्हा त्याच स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतो. म्हणून पहिला नियम : कविता फोन करणाऱ्याची नको, ऐकणाऱ्याची हवी. दुसऱ्या खर्ड्यात तिनं फक्त आपल्या खोलीतलं ठेवलं :

फोन खाली ठेवला
तरी कान तिथेच राहिला.
चहावर साय धरली आहे.
पुढची रिंग वाजेपर्यंत
मी माझ्या हातांकडे बघते.

तिसऱ्या खर्ड्यात 'मी'च्या जागी 'तू' आणलं :

तू तुझ्या हातांकडे बघतेस.
ते रिकामे आहेत, चुकलेले नाहीत.
रिंग वाजली तेव्हा तू उचललंस,
तेवढं तुझं होतं.

शेवटच्या दोन ओळी 'मी'मधून सुचणं कठीण होतं. दुसऱ्याला आपण जी माया सहज देतो, ती स्वतःला द्यायला 'तू' म्हणावं लागलं. गोपनीयतेसाठी केलेला बदल आणि मनाला सावरणारा बदल एकाच दिशेनं गेले. स्वयंसेवकासाठी कविता डायरीपेक्षा सोयीची ठरते, ती याचमुळे. डायरी घडलेलं सगळं मागते. कवितेला खोलीतली एक वस्तू, एक श्वास पुरतो आणि आठ-दहा ओळींत थांबता येतं.

थोडक्यात सांगण्याची ही ताकद आपल्या मातीला नवी नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. आईला, भावाला, सखीला, विठ्ठलाला हाक मारत ओवी दोन ओळींत दुःख सांगते आणि दळण पुढे चालू राहतं. गावातल्या ज्या कार्यकर्तीला कागदावर काहीच ठेवायला नको वाटतं, तिला ओवी मनातल्या मनातही रचता येईल.

सुरुवात करताना काही पथ्यं पाळा. शिफ्टनंतर दहा मिनिटं पुरेत. सर्वांत जड कॉलवर आधी लिहू नका. हलक्यापासून सुरू करा. नाव, गाव, वय, नातं, आजार, बोललेलं वाक्य यातलं काही लिहू नका. लिहिलेलं फाडून टाकलं तरी चालेल. गटात वाचायचं असेल, तर ऐकणाऱ्यांनी सल्ला देऊ नये आणि कवितेची परीक्षाही घेऊ नये. कुठली ओळ लक्षात राहिली, एवढंच सांगावं. अमेरिकी अभ्यासक निकोलस मॅझा यांच्या काव्योपचार पद्धतीत प्रत्येकानं एक-एक ओळ देऊन गटाची कविता रचण्याची रीत आहे. एकही कविता न लिहिलेल्यांनाही ती जमते. काव्योपचाराची मुळंही स्वयंसेवेतच आहेत. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या कंबरलँड रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ जॅक लीडी यांच्यासोबत असा गट चालवणारे एली ग्रायफर हे कवी होते, शिवाय औषधविक्रेते आणि वकील. डॉक्टर ते नव्हते.

लिहून दोन-तीन दिवसांनीही तोच कॉल डोक्यातून जात नसेल, झोप उडाली असेल किंवा स्वतःची जुनी जखम उघडली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि सुपरवायझरशी किंवा समुपदेशकाशी बोला. तुमच्याच मनात मरणाचे विचार येत असतील, तर एक क्षणही थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वयंसेवकांसाठीही आहे.

संस्थांनाही मला कळकळीनं सांगायचं आहे. शिफ्टनंतरचं डीब्रीफिंग (ऐकलेल्याचा ताण उतरवणारी चर्चा), पुरेशी सुट्टी, जाणत्या माणसाचं मार्गदर्शन हे स्वयंसेवकाचे हक्क आहेत. महिन्यातून एक कवितेची बैठक घेतली म्हणून ते कमी करता येणार नाहीत. ऐकणारा टिकला तरच हेल्पलाइन टिकते आणि त्याला टिकवण्याचं काम त्याच्या एकट्याच्या वहीवर सोडता येत नाही.

पुढच्या भागात : डीब्रीफिंग कसं करावं आणि ते करणाऱ्याला कोण सांभाळतं?