‘चोरा’चे नाव का बदलले?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत एखाद्या पात्राची भूमिका वठविण्याच्या खेळांतील आद्य खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पात्राचा पेशा, म्हणजेच ‘क्लास’, खेळाडूने निवडायचा असतो. प्रारंभी पेशे तीनच होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. १९७५ च्या पुरवणीने त्यात ‘थीफ’ अर्थात चोराची भर घातली.

कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, दबक्या पावलांनी टेहळणी करणे ही या चोराची कामे. वस्तुतः हेच गुण हेरालाही लागतात. परंतु नावच चोर म्हटल्यावर एखाद्या खेळाडूने सोबत्यांच्याच थैलीत हात घातला, तर नवल ते काय? एकजुटीने खेळायच्या खेळात त्यातून बेबनावच व्हायचा.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हा पेशा ‘रोग’ झाला. मराठीतील आजाराशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ बिलंदर, लबाड. या नावात चोराबरोबर हेर आणि साहसवीरही सामावतात. त्यापूर्वी १९७८ मध्ये ‘फायटिंग मॅन’चा ‘फायटर’ झाला, तेव्हा नावातील ‘पुरुष’ गळून पडला होता.

तात्पर्य, पेशाचे नाव काम सांगणारे असावे. चारित्र्याचा निवाडा करणारे नसावे. तो निवाडा खेळाडूवर सोडणेच इष्ट.