पहिले पुस्तक आणि शाळेचा उंबरठा

शाळेचा पहिला दिवस मोठेपणी गमतीने आठवतो. मुलाच्या दृष्टीने मात्र तो एकाच प्रश्नाचा दिवस असतो : आई परत येणार ना? आपल्या उटनूर परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी आणि फळ्यावर तेलुगू, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलाला हा प्रश्न विचारावा तरी कोणत्या भाषेत, हेच उमगत नाही. ते गप्प बसते, आणि आपण त्याला मंद ठरवून मोकळे होतो. पुढे ते शाळेत येईनासे झाले, की दोष घरच्यांच्या पदरात टाकतो.

हे मौन फोडण्याचे एक साधन म्हणून चित्रपुस्तकाकडे पाहावे, असे मला वाटते.

चित्रे घातलेले प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक होत नाही. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट शब्दांत असते, निम्मी चित्रात. मजकूर सांगतो, बाळ शाळेत गेले; चित्रात दिसते, की त्याने आईचा पदर अजून सोडलेला नाही. गुरुजी ओळ वाचतात, मूल चित्र वाचते. आणि तेवढ्यापुरते ते गुरुजींच्या बरोबरीला येते. जे दिसले ते सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही, आणि ते सांगते अर्थातच घरच्या बोलीत. शाळेत जाण्याच्या गोष्टींत तर सारा दिवस दहा मिनिटांत पार पडतो : फाटक, रडू, डबा, नवी मैत्रीण, आणि शेवटच्या पानावर पुन्हा आई. मूल तीच गोष्ट दहा वेळा मागते, कारण आईच्या परतण्याची खात्री त्याला दहा वेळा करून घ्यावयाची असते.

ही कल्पना जुनी आहे. कोमेनियसने 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या सचित्र पुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक होते आणि शेजारी लॅटिन व जर्मन असे दोन्ही भाषांतील शब्द. मुळाक्षरे त्याने पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून शिकवली. घरची भाषा शाळेच्या भाषेशेजारी बसवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे. तत्कालीन उटनूर तालुक्यातील मार्लवाई येथे 1943 मध्ये हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षणयोजना सुरू झाली. तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले, आणि पहिली वाचनपुस्तके निघाली ती गोंडी भाषेत, नागरी लिपीत; कारण या भागात मराठीचा परिचय होता. अक्षर अनोळखी, पण शब्द ओळखीचा, ही त्यातली खरी युक्ती. 1956 मध्ये जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि शाळेत तेलुगूचे स्थान पक्के झाले. त्यानंतर 2004 मध्ये त्या राज्याने आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात गोंडी व कोलामी होत्या, लिपी तेलुगू होती. मधल्या काळात किती मुले गप्प बसली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मराठीत आज माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका गोष्ट आणि चित्रे दोन्ही स्वतः करतात. त्यांचे 'राधाचं घर' प्रत्येक बालवाडीत असावे. पण त्याबरोबरच आमच्या मुलाला मोहाची फुले वेचणारी आजी आणि दंडारीतल्या गुसाडीचा मोरपिसांचा टोपही पुस्तकात भेटावयास हवा. अशी पुस्तके कोणी छापून पाठवीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुलांनी घर ते शाळा ही वाट काढावी, शिक्षकांनी प्रत्येक चित्राखाली मूल बोलेल ते गोंडीत आणि त्याखाली मराठीत लिहावे. सामान म्हणाल तर जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू, रंगीत खडू आणि शिवायला दाभण-दोरा.