फुगाझी : पहिली चार वर्षे (१९८७–१९९०)

पोस्ट-हार्डकोर : पंकमधून निघालेल्या वेगवान, आक्रमक हार्डकोरचा जोर राखून लय, शांतता आणि रचनेचे प्रयोग करणारा रॉकप्रकार. फुगाझी हा याच प्रकारातला बँड.

स्थापना : वॉशिंग्टन डी.सी. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७. तेव्हा तिघेच : इयन मकाय (गिटार, गायन; पूर्वी ‘मायनर थ्रेट’ या बँडमध्ये), जो लाली (बास), ब्रेंडन कँटी (ड्रम). ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडचा गी पिचोटो थोड्याच काळात सामील झाला. आधी तो फक्त गात असे. त्याची गिटार नंतर आली आणि दोन गिटारींचा परस्परसंवाद ही बँडची ओळख ठरली. बासवर डब आणि रेगे या संगीतप्रकारांची छाप.

नाव : व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांच्या बोलीतून. अर्थ, पार बिघडलेली परिस्थिती.

ध्वनिमुद्रणे : ‘फुगाझी’ (१९८८) आणि ‘मार्जिन वॉकर’ (१९८९) या दोन छोट्या तबकड्या, दोन्ही मिळून ‘थर्टीन साँग्ज’ (१९८९). पहिला पूर्ण अल्बम ‘रिपीटर’, १९९०. ही सर्व प्रकाशने ‘डिस्कॉर्ड’ची, ही कंपनी मकाय व जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये सुरू केलेली.

शिरस्ता : तिकीट साधारण ५ डॉलर. सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश. दारू विकणाऱ्या अनेक क्लबांत अल्पवयीनांना मज्जाव असे, म्हणून ही अट महत्त्वाची. बँडच्या नावाचे टी-शर्ट विकले जात नसत. रंगमंचासमोर धक्काबुक्की झाल्यास गाणे थांबवले जाई.