वसियत करायची आहे. वकील कोणता गाठावा?

आपला दुकानदार मालाचा हिशोब पैशापर्यंत ठेवतो. कोणाकडे किती उधारी थकली, कोणत्या पेढीचे किती देणे आहे, हे त्याला तोंडपाठ असते. पण आपल्या पश्चात हे दुकान कोण चालवणार, भाड्याची पावती कोणाच्या नावावर फाटणार, मरहूम मुलाच्या लेकरांना काय मिळणार, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "मुले बघून घेतील." मुले बघतातही, पण पुष्कळदा दिवाणी कोर्टात.

ज्याला ही काळजी वाटते तो काय करतो? दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टाइपरायटर किंवा संगणक मांडून बसलेल्या दस्तलेखकाकडे जातो. त्याच्याकडे मृत्युपत्राचा तयार नमुना असतो. नावे बदलली, फोटो चिकटवले, दोन साक्षीदार उभे केले, काम झाले. त्या नमुन्यात 'वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित' असे शब्द असतात आणि 'माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या दोन मुलांना समसमान मिळावी' असे वाक्य असते. हा नमुना हिंदू गृहस्थासाठी तयार झालेला आहे. त्याला आपली स्वकष्टाची सर्व मिळकत हव्या त्या माणसाला मृत्युपत्राने देता येते. मुसलमानाला तसे करता येत नाही. कागदाची नोंदणी झालेली असते, शिक्के असतात, तरी बाप गेल्यावर बहिणीने हरकत घेतली की तो कागद टिकत नाही.

म्हणून वकील शोधण्यापूर्वी आपला कायदा काय म्हणतो ते थोडक्यात माहीत असावे, म्हणजे समोरच्या वकिलाला तो येतो की नाही हे ताडता येते. मय्यतीचा खर्च आणि सर्व कर्जे फेडल्यानंतर जे उरते त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. बायकोची राहिलेली मेहर हेही कर्जच आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो. सुन्नी हनफी कायद्याप्रमाणे जो वारस आहे त्याला वसियतीने काही देता येत नाही. द्यायचे असेल किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायचे असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि ती वसियत करणारा वारल्यानंतरची. बाप हयात असताना घेतलेल्या सह्या पुरत नाहीत. शिया कायद्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आत वारसालाही देता येते. म्हणजे कोणत्या पंथाचे आहात हे वकिलाने पहिल्याच भेटीत विचारायला हवे. निकाह झाला की विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झाले, हेही त्याने विचारावे. कारण त्या कायद्याखाली लग्न केलेल्याच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि सारा हिशोब बदलतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका फळव्यापाऱ्याच्या घरी बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. तिसरा मुलगा बापाच्या हयातीतच वारला, त्याची दोन लेकरे आजोबांकडे वाढतात. आजोबांचे आईवडील हयात नाहीत. देणी भागवून २४ लाख उरले. वसियत केली नसेल तर त्या दोन नातवंडांना काहीही मिळत नाही, कारण त्यांचे काका हयात आहेत. पण नातवंडे वारस नसल्यामुळेच त्यांना वसियत करता येते. आजोबांनी तिसरा हिस्सा त्यांच्या नावे लिहिला असेल तर ८ लाख त्यांचे झाले. उरलेल्या १६ लाखांत बायकोचा आठवा हिस्सा २ लाख. राहिलेल्या १४ लाखांत मुलाला दोन वाटे, मुलीला एक वाटा, म्हणजे प्रत्येक मुलाला ५ लाख ६० हजार आणि मुलीला २ लाख ८० हजार. एका कागदाने दोन यतीम लेकरांचे शिक्षण होऊ शकते. तो कागद कोऱ्या नमुन्यावर नावे भरून होणारा नाही.

आता वकील कोठे शोधायचा? वर्तमानपत्रात त्याची जाहिरात सापडणार नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला धंद्याची जाहिरात करता येत नाही. आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असे पाटीवरही लिहिता येत नाही. त्यामुळे पाटी वाचून कळणार नाही, विचारावेच लागते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात बार रूम असते. तेथे 'वाटपाचे दावे कोण चालवते' असे दोघा-तिघांना विचारा. ज्याच्याकडे दिवाणी काम, त्यातही वाटपाचे आणि वारस दाखल्याचे काम जास्त, तो आपल्या उपयोगाचा. फौजदारीत नाव कमावलेला वकील मोठा असेल, जामीन चुटकीसरशी मिळवून देत असेल, पण वसियतीसाठी त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. ज्या घरात गेल्या चार-पाच वर्षांत शांतपणे वाटणी झाली त्यांना विचारणे सर्वात चांगले. बँकेच्या शाखेतही विचारता येईल. वारसांचे कागद कोणाच्या हातचे नीट येतात हे तेथील माणसांच्या रोजच्या नजरेत असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावावरून त्याचे दावे पाहता येतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, तो पाच मिनिटांत काढून देईल.

वकील मुसलमानच असावा असे मुळीच नाही. आपल्या कायद्याची पुस्तके नीट वाचलेले कितीतरी बिगरमुस्लिम वकील महाराष्ट्रात आहेत, आणि वाचलेली नसलेले आपलेही पुष्कळ आहेत. मात्र वकील स्थानिक असावा. आपले गाव कोणत्या तलाठ्याकडे, दुकान सिटी सर्व्हेत आहे की गावठाणात, जुन्या फेरफारात आजोबांचे नाव कसे लिहिले गेले, शेख, मुल्ला, बागवान अशी आडनावे कागदोपत्री कशी उलटसुलट झाली, हे मुंबईहून आलेल्या मोठ्या वकिलाला कळायला महिना लागेल.

हिश्श्यांचा हिशोब मुफ्तीसाहेबांकडून करून घ्यावा, तो चोख असतो. पण तो कागद तलाठी किंवा बँक मानणार नाही. फतव्याला कायद्याचे बंधन नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे. हिशोब मुफ्तीसाहेबांचा आणि मसुदा वकिलाचा, अशी सांगड घातली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

पहिल्या भेटीत काही साध्या गोष्टी विचारून पाहा. "मला सगळे दुकान थोरल्या मुलालाच लिहून द्यायचे आहे, जमेल का?" यावर वकील लगेच "जमेल, उद्या या" म्हणाला तर उठून या. "मुलीकडून आत्ताच हक्कसोड लिहून घेऊ का?" असे विचारा. बाप हयात असताना मुलीला वारसाहक्क मिळालेलाच नसतो. जो हक्क नाही तो ती सोडणार कशी? हे ज्याने सांगितले त्याला काम समजते. हिब्याबद्दल विचारा. हिब्यात देणे, स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी लागतात. नुसता कागद करून गल्ल्यावर बाप तसाच बसून राहिला, भाडे, वीजबिल, परवाना सगळे त्याच्याच नावावर चालले, तर तो हिबा धोक्यात येतो. अखेरच्या दुखण्यात केलेला हिबाही तिसऱ्या हिश्श्यापुरताच चालतो. शिवाय महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, बायकोला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार व नोंदणी फी वेगळी; दुकानाला मात्र ही सवलत नाही. हा फरक वकिलाने आपणहून सांगावा.

व्यापाऱ्यासाठी सर्वात नाजूक प्रश्न भाड्याच्या दुकानाचा. आपली निम्मी बाजारपेठ जुन्या भाडेकरूंची आहे, आणि पागडी भरली म्हणजे दुकान आपले झाले असे सगळेच समजतात. भाडेहक्क वसियतीने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याखालील वसंत प्रताप पंडित यांच्या खटल्यात १९९४ साली ठरवले. आजच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबीय पुढे भाडेकरू होतो. असा कोणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवायचे, नाहीतर कोर्टाने. म्हणून मुलगा दुकानात खरोखर बसतो याचे पुरावे, परवाने, जीएसटीची नोंद, बँकेचे व्यवहार आजच तयार करून ठेवावे लागतात. हे तुम्हाला वकिलाने सांगितले तर तो बाजार ओळखतो असे समजा.

भागीदारीतही तसेच. करारात वेगळे काही लिहिले नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आणि शेतजमीन असेल तर तिचा प्रश्न वेगळा विचारा, कारण १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे.

वसियत तोंडीही चालते, तिला साक्षीदार किंवा नोंदणी सक्तीची नाही, प्रोबेटचीही गरज नाही. तरीही लेखी करा, वारस नसलेले दोन साक्षीदार घ्या आणि नोंदणी करा. वसियतीला मुद्रांक शुल्क लागत नाही. अंमल करणारा वसी कोण, हे त्यात नावानिशी लिहावे.

फीबद्दल आपण लाजतो, तेथेच फसतो. मसुद्याची फी किती, नोंदणीचा खर्च किती, पुढे वारस दाखल्याचे काम पडले तर किती, हे आधीच कागदावर घ्या आणि पावती मागा. 'फी नको, मिळकतीत हिस्सा द्या' असे म्हणणारा वकील बार कौन्सिलचा नियम मोडत असतो. अशाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना तेथे मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. दूरध्वनी १५१००. धनी गेल्यावर इद्दतीत बसलेल्या बाईकडून दीर 'तात्पुरत्या' सह्या घेऊन जातात, तेव्हा तिच्या भावाने हा नंबर फिरवावा.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भाडेपावत्या, भागीदारी करार, बँक व विम्याचे कागद, निकाहनामा, त्यावरील मेहरची रक्कम आणि ती दिली की राहिली याची नोंद, घेणे-देण्याची वही, आणि सर्व वारसांची नावे एका कागदावर लिहून न्या. मुलींची नावेही त्याच कागदावर लिहा.