फिट आली की पहिली पाच मिनिटं कुणाची?

मागच्या सुट्टीत कुंडलला घरी होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "अगं, तू मेंदूचंच शिकतीस ना? मग सांग बघू, चप्पल हुंगवल्यावर फिट कशानं थांबती?"

त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला आदल्या आठवड्यात फिट आली होती. घरात एकच गोंधळ. कुणी कांदा फोडला, कुणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. "आणि दोन मिनटांत थांबलं की गं पोरगं!"

"असं काही नसतं काकू," असं म्हणून मी मोकळी झाले. पण हे काही उत्तर नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: चप्पल धरली, फिट थांबली. मग त्यात चूक कुठे आहे? आजचा लेख त्या राहिलेल्या उत्तराचा आहे.

चप्पल 'लागू' का पडते?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. एरवी प्रत्येकीची वेळ वेगळी असते. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागतात. अंग ताठतं, हातपाय झटके देतात, डोळे फिरतात, शुद्ध जाते. याला कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं. अशा फिट्स पुन्हा पुन्हा आणि तापासारख्या तात्कालिक कारणाशिवाय येत असतील, तर त्या आजाराला अपस्मार म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. बहुतेक फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मेंदूकडे स्वतःचा ब्रेक असतो आणि तो लागतो. म्हणजे दुसऱ्या मिनिटाला तुम्ही चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा, हातात किल्ल्या द्या किंवा काहीच करू नका, फिट बहुतेक वेळा थांबणारच. श्रेय मात्र शेवटी हातात जे होतं त्याला मिळतं.

संशोधनात आम्ही अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: ज्यांना चप्पल हुंगवली नाही, त्यांचं काय झालं? त्यांचीही तेवढ्याच वेळात थांबली असेल, तर चपलेनं काही केलं नाही.

"पण हुंगवल्यानं नुकसान तरी काय?" असं तुम्ही म्हणाल. नुकसान आहे, आणि ते चपलेपेक्षा वेळेचं आहे. काही फिट्स आपोआप थांबत नाहीत. चप्पल शोधणाऱ्या घराला ती वेगळी फिट कोणती, हे कळतच नाही, कारण घड्याळाकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

पाचच मिनिटं का?

पूर्वी फिट तीस मिनिटं चालली तरच तिला 'न थांबणारी फिट' म्हणत. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१५ मध्ये नवी व्याख्या दिली. सगळ्या अंगाला झटके देणारी फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी, तेव्हा उपचार सुरू करा. तीस मिनिटांपर्यंत गेली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका.

यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. मेंदूच्या ब्रेकचं नाव 'गाबा'. हे एक रसायन आहे. पेशीच्या पृष्ठभागावर त्याची छोटी दारं असतात. गाबा चिकटला की दार उघडतं आणि पेशी शांत होते. फिट थांबवायला जी औषधं देतात (मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम), ती याच दारांवर काम करतात, ती जास्त वेळा उघडायला लावतात.

पण फिट लांबत गेली की पेशी ही दारं पृष्ठभागावरून आत ओढून घेते. दारच नाही, तर औषध काम कशावर करणार? म्हणून जे औषध सहाव्या मिनिटाला लागू पडतं, तेच चाळिसाव्या मिनिटाला तोकडं पडू शकतं. उशिरा दिलेलं औषध म्हणजे तेच औषध उशिरा, एवढंच नसतं. तोवर त्याची ताकदही घटलेली असते.

२०१२ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिट चालू असलेल्या रुग्णांना ॲम्ब्युलन्समधल्या कर्मचाऱ्यांनी एक तर मांडीत मिडाझोलामचं इंजेक्शन दिलं, किंवा शिरेतून लोराझेपाम. त्यात मुलंही होती. शिरेतलं औषध एकदा आत गेलं की लवकर काम करतं. तरीही दवाखान्यात पोचेपर्यंत फिट थांबलेल्यांचं प्रमाण मांडीतल्या इंजेक्शनच्या गटात ७३ टक्के होतं आणि शिरेतल्या गटात ६३. का? झटके देणाऱ्या हातात शीर सापडायला वेळ लागतो. मांडीतलं औषध द्यायला सव्वा मिनिट पुरलं, शिरेतलं द्यायला जवळजवळ पाच मिनिटं लागली.

म्हणजे जवळच्या माणसाला चटकन देता येणारं औषध जिंकलं.

आता कुंडलचा हिशोब

रात्री दोनला मुलाला फिट आली. गाडी असलेल्याला उठवा, चावी शोधा, निघा. पलूसला जायचं म्हटलं तरी पाच मिनिटं केव्हाच संपलेली असतात. सांगली-मिरज किंवा कराड म्हणजे तासभर तरी. त्यात कारखान्याचा हंगाम असेल, तर पुढे उसाच्या ट्रॉल्या. १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती बोलवायचीच. पण तीसुद्धा पाच मिनिटांत दारात येईल, असं धरून चालता येत नाही.

म्हणून ही पहिली पाच मिनिटं दवाखान्याची नसतातच. ती आईची, आजीची, शाळेतल्या बाईंची, उसाच्या फडावर असेल तर शेजारच्या पालातल्या बाईची. त्या वेळी मुलाची नर्स तीच.

वॉर्डातली नर्स त्या वेळी काय करते? घड्याळ बघते, मुलाला कुशीवर वळवते, श्वास बघते, गरज पडली तर तोंडातली लाळ मशीननं ओढून ऑक्सिजन लावते, रक्तातली साखर तपासते आणि ठरलेलं औषध देते. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना काहीच साधन लागत नाही:

१. वेळ बघा. मोबाईलवर. घाबरल्यावर एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, त्यामुळे अंदाज करू नका.

२. कुशीवर वळवा. लाळ, उलटी बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा.

३. श्वास आणि रंग बघत राहा. शक्य झालं तर दुसऱ्याला व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांना तो खूप उपयोगी पडतो.

आणि करायचं नाही ते: दातांत चमचा घालायचा नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, दूध, गोळी काही नाही.

फिट पाच मिनिटांपुढे गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, पहिल्यांदाच आली, श्वास नीट वाटत नाही, पाण्यात असताना आली किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच १०८. फिटनंतर मूल झोपतं, गोंधळल्यासारखं करतं. हे सहसा होतं, पण जवळ बसून राहा.

चौथी गोष्ट औषधाची. नाकात फवारायचा मिडाझोलामचा स्प्रे आपल्याकडे मिळतो. फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. मात्र त्यानं श्वास मंदावू शकतो, म्हणून डोस मुलाच्या वजनावर डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्याच्या मुलाचा आणून वापरायचा नाही. ज्या मुलाला फिटचा आजार आहे, त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं: "घरी ठेवायला स्प्रे लागेल का? कधी मारायचा? मारून दाखवता का?"

उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं

रोजचं औषध हीसुद्धा नर्सिंगचीच गोष्ट. सिरप घरातल्या चमच्यानं देऊ नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. सुई नसलेल्या सिरिंजनं मोजून द्या. आणि दोन-चार महिने फिट आली नाही म्हणून औषध मनानं बंद करू नका. अचानक बंद केलेलं औषध हेच कधी कधी मोठ्या, न थांबणाऱ्या फिटचं कारण ठरतं.

शेवटची गोष्ट लपवण्याची. काकूंना मी विचारलं, "शाळेत सांगितलंय का?" त्या गप्प झाल्या. मुलगी असती तर आणखी गप्प झाल्या असत्या. 'उद्या लग्नाचं काय' ही भीती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार ही लग्नातली अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं ती काढली, पण लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. फक्त एवढं लक्षात घ्या: दुपारी वर्गात फिट आली, तर ती पाच मिनिटं बाईंची असणार आहेत. त्यांना काही माहीतच नसेल, तर त्याही चप्पलच शोधतील.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: वेळ बघा, कुशीवर करा, पाच मिनिटांनी १०८. काकूंनी कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आणखी एक लिहून दे. शाळेत द्यायला."